तेरीज जुळली, मग ताळेबंद का अडतो?

तेरीज म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिल्लकांची यादी, ताळेबंद म्हणजे व्यवसायाची संपत्ती आणि देणी दाखवणारं पत्रक. पण ताळेबंद म्हणजे नीट मांडलेली तेरीज, हा समज मला हिशेब शिकवताना दर वर्षी मुलांच्या वह्यांत भेटतो. तोंडाने तसं कुणी म्हणत नाही, पण उत्तरात दिसतं. तेरजेतली नावे (डेबिट) शिल्लक दिसली की टाक संपत्तीत, जमा (क्रेडिट) शिल्लक दिसली की टाक देयतांत, म्हणजे देण्यांत. मग पगार यंत्रसामग्रीच्या खाली जाऊन बसतो, विक्री भांडवलाच्या शेजारी येते, आणि गंमत वाटावी इतक्या सहज दोन्ही बाजू जुळतात. जुळणारच, कारण मुलाने तेरीजच पुन्हा उतरवलेली असते. त्याला वाटतं, जुळलं म्हणजे बरोबर.

गोंधळाला नावंही कारण आहेत. ‘ताळा’ म्हणजे हिशेब पडताळून पाहणं. गुणाकार केला की आपण ताळा करून बघतो. हा ताळा करण्याचं काम करते तेरीज, आणि शब्द मात्र ताळेबंदात आहे. तेरीज म्हणजे मुळात गोषवारा, जुन्या दफ्तरांत हा शब्द त्याच अर्थाने येतो. ‘ट्रायल बॅलन्स’ आणि ‘बॅलन्स शीट’ म्हणणाऱ्यांचीही सुटका नाही, त्यांच्या दोन्ही नावांत ‘बॅलन्स’ आहेच.

तेरीज काय असते हे तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून ते भरभर उरकतो. रोजकीर्दीतून, म्हणजे रोजच्या व्यवहारांच्या वहीतून, खतावणी झाली, नोंदी ज्या त्या खात्यात गेल्या, खात्यांच्या शिल्लका काढल्या, नावे एका रकान्यात, जमा दुसऱ्या रकान्यात, खाली बेरीज. लुका पाचोली यांनी १४९४ मध्ये व्हेनिसला दुहेरी नोंदीची पद्धत छापून प्रसिद्ध केली, तेव्हाही त्यांनी खातेवही बंद करताना नावे आणि जमेच्या बेरजा एका कागदावर काढून ताडून बघायला सांगितलं होतं. तेरजेचं काम अजून तेवढंच आहे. व्यवसायाला नफा झाला की तोटा, याबद्दल ती एक अक्षर बोलत नाही.

ताळेबंद बोलतो. अमुक तारखेला व्यवसायाकडे काय आहे, कुणाचं काय देणं आहे आणि मालकाचं त्यात किती उरलं, हे तो सांगतो. म्हणून ताळेबंदाच्या डोक्यावर ‘रोजीचा’ असं लिहायचं, ‘संपणाऱ्या वर्षाचा’ असं नाही. संपणारं वर्ष नफातोटा खात्याचं. हा एक शब्द चुकला की मला पुढचं सगळं उत्तर संशयाने वाचावंसं वाटतं. ताळेबंद हे खातंही नाही, ते पत्रक आहे, तेव्हा त्याच्या दोन बाजूंवर ‘नावे’ आणि ‘जमा’ असे मथळे कृपा करून देऊ नका. बाकीचे फरक, म्हणजे कुठल्या बाजूला काय लिहायचं, क्रम कोणता, हे सरावाने येतात. त्यावर मी वेळ घालवणार नाही.

वेळ घालवायचा तो एकाच गोष्टीवर: प्रश्नात तेरजेच्या आत असलेली बाब आणि तेरजेच्या खाली दिलेली बाब. मुलं अडतात ती इथे.

एक छोटा व्यवसाय घेऊ. वर्षअखेरीला नावे शिल्लका अशा: रोख ८,०००, विविध ऋणको (ज्यांच्याकडून येणं आहे) २०,०००, यंत्रसामग्री ५०,०००, प्रारंभीचा साठा १०,०००, खरेदी ६०,०००, पगार २२,०००, भाडे १२,००० आणि उचल (मालकाने स्वतःसाठी काढलेली रक्कम) ६,०००. जमा शिल्लका तीनच: भांडवल ७०,०००, विविध धनको (ज्यांचं देणं आहे) १८,००० आणि विक्री १,००,०००. दोन्हीकडे १,८८,०००. तेरीज जुळली.

खाली समायोजना, म्हणजे वह्यांत अजून न आलेल्या वर्षअखेरच्या बाबी, तीन. अखेरचा साठा १५,०००. पगार २,००० द्यायचा राहिला आहे. यंत्रसामग्रीवर १० टक्के घसारा, म्हणजे वापराने घटलेली किंमत.

आता आधी तेरजेकडे नीट बघा. नावे रकान्यात दोन जातीची माणसं एका रांगेत उभी आहेत. रोख, ऋणको, यंत्रसामग्री हे उद्याही असणार आहेत. खरेदी, पगार, भाडे हे वर्षभर झालं आणि संपलं. तेरजेला हा भेद कळत नाही, तिला फक्त बाजू कळते. संपलेल्या गोष्टी व्यापार खात्यात आणि नफातोटा खात्यात जातात, तिथे त्यांची नफ्याच्या एका आकड्यात गाळणी होते, आणि तो एकच आकडा भांडवलात मिळून ताळेबंदात पोचतो. उरलेल्या गोष्टी सरळ ताळेबंदात जातात. मधली ही गाळणी विसरली की पगार संपत्तीत जातो. उचल तेवढी वेगळी: ती खर्च नाही आणि संपत्तीही नाही, ती भांडवलातून वजा करायची.

आता समायोजना. पगार २,००० द्यायचा राहिला, ही माहिती अजून एकाही खात्यात गेलेली नाही. तिची नोंदच झालेली नाही. म्हणून तिचे दोन्ही पाय आपणच उमटवायचे: पगारात २,००० वाढवून तो २४,००० करायचा आणि ताळेबंदात देयतांकडे अदत्त पगार २,००० दाखवायचा. घसारा ५,००० नफातोटा खात्यात, आणि यंत्रसामग्रीतून वजा. अखेरचा साठा व्यापार खात्यात जमेला, आणि ताळेबंदात संपत्तीला. दोन परिणाम, दोन परिणाम, असं मुलं घोकतात ते हेच, आणि इथपर्यंत ते बरोबर आहे.

करून बघू. प्रारंभीचा साठा आणि खरेदी मिळून ७०,०००, त्यातून अखेरचा साठा १५,००० वजा, म्हणजे विकलेल्या मालाची किंमत ५५,०००. ढोबळ नफा ४५,०००. त्यातून पगार २४,०००, भाडे १२,०००, घसारा ५,०००. निव्वळ नफा ४,०००. भांडवल ७०,००० अधिक ४,००० वजा उचल ६,०००, म्हणजे ६८,०००. त्यात धनको १८,००० आणि अदत्त पगार २,०००, एकूण ८८,०००. दुसरीकडे रोख ८,०००, ऋणको २०,०००, यंत्रसामग्री ४५,०००, साठा १५,०००. ८८,०००.

आता प्रश्नपत्रिका काढणारा एक बदल करतो आणि अर्धा वर्ग कोसळतो. तो अदत्त पगार खालून उचलून तेरजेच्या आत ठेवतो, जमा रकान्यात, २,०००.

परवाच एका मुलीने वही पुढे केली. ताळेबंदाच्या एका बाजूला ८६,०००, दुसऱ्या बाजूला ८८,०००. बेरजा तिने तीनदा तपासल्या होत्या, खोडरबराने कागद पातळ झाला होता. कोपऱ्यात पेन्सिलीने ‘२,००० कुठे?’ असं लिहून त्याभोवती गोल केला होता. तिने पगार २६,००० घेतला होता. तेरजेत पगार २४,००० होता, त्यात अदत्त पगाराचे २,००० तिने मिळवले, आणि देयतांतही २,००० दाखवले. दोन परिणाम. घोकल्याप्रमाणे.

तिला मी एकच विचारलं: हे २,००० जमा रकान्यात आले, तर त्यांच्या जोडीचे २,००० नावे कुठे आहेत? कारण तेरीज जुळलेली आहे. एकटी जमा रक्कम आत शिरली असती तर ती जुळली नसती. तिने वर बघितलं, पगारावर बोट ठेवलं आणि म्हणाली, “यातच आहेत.” हो, त्यातच आहेत. द्यायच्या राहिलेल्या पगाराची नोंद हिशेबनिसाने आधीच केली: पगार खाते नावे, अदत्त पगार खाते जमा. म्हणून तर तेरजेत पगार २२,००० नसून २४,००० आहे आणि दोन्ही बेरजा १,९०,००० झाल्या आहेत. एक पाय आधीच उमटला आहे. आता अदत्त पगाराची जी शिल्लक आत दिसते, ती एकाच ठिकाणी जाईल: ताळेबंदात, देयतांकडे. पगार जसा आहे तसा २४,००० नफातोटा खात्यात. तिने पुन्हा वजा केलेले २,००० नफ्यातून कमी झाले, भांडवल ६६,००० वर आलं, म्हणून ८६,०००.

हेच घसाऱ्याचं. घसारा ५,००० तेरजेच्या आत नावे रकान्यात दिसला, तर यंत्रसामग्री तिथे आधीच ४५,००० झालेली असते. घसारा फक्त नफातोटा खात्यात न्यायचा. यंत्रसामग्रीतून तो पुन्हा कापून ती ४०,००० करणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात, आणि त्यातली बरीचशी हुशार मुलं असतात, कारण त्यांनी नियम पाठ केलेला असतो.

अखेरचा साठा आत आला तर अजून कठीण वाटतं, पण तर्क तोच. अशा तेरजेत प्रारंभीचा साठा वेगळा दिसत नाही आणि खरेदीच्या जागी ‘समायोजित खरेदी ५५,०००’ असं दिसतं. १०,००० अधिक ६०,००० वजा १५,०००: तिथेच सगळं झालेलं आहे. मग साठ्याचे १५,००० व्यापार खात्यात न्यायचं काहीच कारण नाही, ते थेट संपत्तीत. नेले, तर ढोबळ नफा १५,००० ने फुगेल.

म्हणून ‘समायोजनेचे दोन परिणाम’ हे वाक्य मला अर्धवट वाटतं. मी मुलांना असं सांगतो: प्रत्येक बाबीला नेहमीच दोन पाय असतात. तेरजेच्या आतल्या बाबीचे दोन्ही पाय आतच आहेत, दोन वेगवेगळ्या खात्यांत, म्हणून प्रत्येक शिल्लक एकेकदाच उचलायची. खालच्या बाबीचा एकही पाय अजून पडलेला नाही, म्हणून दोन्ही आपण टाकायचे. आत आहे की खाली, एवढंच बघायचं. बाबीचं नाव बघून निर्णय घेऊ नका, ‘अदत्त’ हा शब्द दिसताच हात आपोआप चालू देऊ नका.

माझी पद्धत सांगतो, आणि ती मी मुलांवर लादतो. सोडवायला सुरुवात करण्याआधी तेरजेच्या प्रत्येक ओळीसमोर पेन्सिलीने एकच खूण करायची: ‘व्या’, ‘न’ किंवा ‘ता’, म्हणजे व्यापार, नफातोटा, ताळेबंद. एका ओळीला दोन खुणा झाल्या तर हात थांबवायचा. खालच्या प्रत्येक समायोजनेसमोर दोन खुणा. परिणाम उमटवला की खुणेवर रेघ मारायची. वेळ जातो म्हणून मुलं कुरकुर करतात, पण नंतर फरक शोधण्यात याच्या तिप्पट वेळ जातो.

एवढं करूनही ताळेबंद जुळला नाही, तर बेरजा पुन्हा मारत बसण्याआधी फरकाचा आकडा वाचा. फरक १५,००० असेल तर साठ्याचा एक पाय राहिला. फरक १२,००० असेल तर त्याची निम्मी रक्कम शोधा: ६,०००, उचल. ती वजा करायच्या ऐवजी मिळवली गेली असेल. फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल तर एखादा आकडा लिहिताना उलटला असण्याची शक्यता आहे, ५,४०० चे ४,५०० असे. आणि शेवटच्या पाच मिनिटांत ‘उचंत खाते’, म्हणजे न सापडलेल्या फरकाचं तात्पुरतं खातं, लिहून बाजू जुळवणं मला मुळीच चालत नाही. न जुळलेला ताळेबंद मला परवडतो, त्यात चूक कुठे आहे ते तरी दिसतं.

आता जुळण्याबद्दल. वरच्याच उदाहरणात अदत्त पगाराचा एकही परिणाम दिला नाही, समायोजना वाचायचीच राहिली, असं समजा. नफा ६,०००, भांडवल ७०,०००, धनको १८,०००, एकूण ८८,०००. संपत्तीही ८८,०००. तंतोतंत जुळतो, आणि चुकीचा आहे. नफा २,००० ने जास्त आहे आणि एक देणं गायब आहे. यंत्राच्या दुरुस्तीचे ३,००० यंत्रसामग्री खात्याला नावे टाकले तरी हेच होतं: तेरीज जुळते, ताळेबंद जुळतो, आणि दुरुस्तीचा खर्च संपत्ती म्हणून मिरवतो. दोन्ही बाजू सारख्या येणं ही दोन्ही कागदांची अट आहे, पण तिच्यावर थांबणाऱ्या मुलाला मी गुण देताना हात आखडतो.

राहिला एक प्रश्न, जो चौकस मुलं विचारतातच: प्रारंभीचा साठा तेरजेत असतो, मग अखेरचा खाली का? याचं उत्तर नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी मिळतं. अखेरचा साठा शेवटच्या दिवशी मोजून, त्याची किंमत ठरवून कळतो. खरेदी-विक्रीच्या नोंदींतून तो आपोआप तयार होत नाही. ताळेबंद तयार झाला की विक्री, खरेदी, पगार, भाडे ही खाती बंद होऊन शून्यावर येतात. उरलेल्या शिल्लका प्रारंभीच्या नोंदीने नव्या वह्यांत उतरतात. कालचा अखेरचा साठा १५,०००, आज प्रारंभीचा साठा १५,००० म्हणून नावे. रोख ८,०००, ऋणको २०,०००, यंत्रसामग्री ४५,००० नावे. भांडवल ६८,०००, धनको १८,०००, अदत्त पगार २,००० जमा. त्या सकाळी, पहिला व्यवहार होण्याआधी तेरीज काढली तर तिच्यात ताळेबंदातलीच खाती असतील आणि बेरीजही तीच, ८८,०००. पहिली विक्री नोंदली गेली की दोघांच्या वाटा पुन्हा वेगळ्या होतात.