सेमी-ट्रक घेण्याआधी: केबिन आणि बांधणी कशी पारखावी

सेमी-ट्रक म्हणजे मागे ट्रेलर जोडून माल ओढणारा मोठा ट्रक. तो घ्यायला निघालेल्या आमच्या बहुतेक ग्राहकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "यातला सगळ्यात आरामशीर ट्रक कोणता?" आम्ही ट्रक विकत नाही, खरेदीआधी तपासून देतो. त्यामुळे कुठल्याही कंपनीची बाजू घ्यायचं आम्हाला कारण नाही. तरीही या प्रश्नाला एका नावात उत्तर देत नाही, कारण ट्रकमधला आराम दोन तऱ्हेचा असतो. एक नंतर पैसे घालून आणता येतो. दुसरा कारखान्यातून जसा आला तसाच शेवटपर्यंत राहतो. तपासायचा तो हा दुसरा.

अमेरिकेतल्या नियमांप्रमाणे मालवाहू ट्रकचालकाला १४ तासांच्या पाळीत जास्तीत जास्त ११ तास गाडी चालवता येते, आणि पुढच्या पाळीआधी १० तास विश्रांती घ्यावी लागते. लांब पल्ल्यावर ही विश्रांती बहुधा स्लीपरमध्येच, म्हणजे सीटमागच्या झोपायच्या कप्प्यातच होते. चालवणं, जेवणं, झोपणं, सगळं एकाच लहानशा खोलीत. म्हणून ट्रक घेणं हे आम्ही खोली भाड्याने घेण्याइतकंच बारकाईने बघतो.

ही खोली पूर्वी फारच अरुंद होती. जुन्या काळी अमेरिकेत इंजिनावर केबिन बसवलेले चपट्या तोंडाचे ट्रक जास्त दिसत, कारण ट्रॅक्टर (इंजिन आणि केबिन असलेला पुढचा भाग) आणि ट्रेलर मिळून एकूण लांबीवर मर्यादा होती. १९८२ च्या कायद्याने राष्ट्रीय महामार्गांवर एकूण लांबीची अट काढली आणि फक्त ट्रेलरची लांबी मोजायची ठरवली. मग ट्रॅक्टरला लांब नाक आलं आणि स्लीपर वाढत गेला.

सीटवर भाळू नका

शोरूममध्ये गिऱ्हाईक सीटवर बसतं, मऊ लागली की खूश होतं. पण सीट बदलता येते. नॅशनल, सीअर्स, बोस्ट्रॉम या कंपन्यांच्या एअर सीट, म्हणजे धक्के झेलायला खाली हवेची उशी असलेल्या सीट, वेगळ्या विकत मिळतात. गादीचंही तसंच. जुन्या ट्रकमधली सीट दबली असेल तर भावात घासाघीस करा, पण त्या एका कारणाने चांगला ट्रक सोडू नका. एअर सीटमध्ये हवा भरताना एक चूक सर्रास होते: उंच बसायला बरं वाटतं म्हणून ती पार वरपर्यंत फुगवली जाते. मग खड्ड्यात सीटला वर सरकायला जागाच उरत नाही आणि धक्का थेट कमरेत बसतो. सीट तिच्या चालीच्या साधारण मध्यावर ठेवा, म्हणजे ती वर आणि खाली दोन्हीकडे हलू शकेल.

बदलता येत नाही ते म्हणजे केबिनची रुंदी, पायऱ्यांची चढण, दार उघडण्याचा कोन, पेडल आणि स्टिअरिंग यांची एकमेकांशी जुळणी. चालकाला स्वतः बसवा. क्लच नसलेल्या ऑटोमेटेड गिअरबॉक्सने डाव्या पायाचा त्रास वाचतो, पण उजवा पाय दिवसभर वाकडा राहत असेल तर गुडघा बोलणारच.

मॉडेलांबद्दल आमचं मत

केनवर्थ टी६८० आणि पीटरबिल्ट ५७९ ही भावंडंच. दोन्ही पॅकार कंपनीची, दोघांची केबिन २.१ मीटर रुंदीची, ॲल्युमिनियमची. केनवर्थचा मोठा स्लीपर ७६ इंच लांबीचा, पीटरबिल्टचा ८० इंची. टी६८० मध्ये शेजारची सीट मागे फिरवून टेबलाशी बसता येईल अशी सोय घेता येते. एकट्याने महिनोन्महिने फिरणाऱ्याला ती आम्ही मनापासून सुचवतो. बिछान्यावर बसून जेवणं आणि टेबलाशी बसून जेवणं यात किती फरक आहे ते त्यालाच ठाऊक.

पीटरबिल्ट ३८९ आणि केनवर्थ डब्ल्यू९०० यांच्या लांब नाकावर जीव टाकणारे चालक आम्ही रोज भेटतो. पुढच्या चाकांचा आस (ॲक्सल) अगदी पुढे असल्याने हे ट्रक सरळ रस्त्यावर संथ चालतात. पण केबिन अरुंद आहे, आणि माल चढवण्या-उतरवण्याच्या गर्दीच्या डॉकवर वळवताना घाम निघतो. ३८९ नंतर आलेल्या ५८९ ला मात्र रुंद केबिन मिळाली. रूप तेच हवं आणि खांदेही मोकळे हवेत, तर तो बघा.

व्होल्वो व्हीएनएलची केबिन उच्च ताकदीच्या पोलादाची. स्लीपरमधल्या बिछान्याची (बंकची) पाठ उचलून टेकून बसण्याची सोय त्यांनी २०१७ मध्ये आणली, आणि २०२४ मध्ये सगळा ट्रकच नव्याने घडवला. सुरक्षेवर भर असणाऱ्यांना आम्ही आधी हा दाखवतो. फ्रेटलायनर कॅस्केडिया मोठ्या ताफ्यांमध्ये सर्रास दिसतो, त्यामुळे वापरलेले ट्रक आणि सुटे भाग शोधायला त्रास पडत नाही. त्याचीही केबिन ॲल्युमिनियमची. मॅक अँथमचा मोठा स्लीपर ७० इंची, उभं राहता येण्याजोगा.

ॲल्युमिनियम की पोलाद, यावर वाद घालणाऱ्यांना आमचं एकच सांगणं: जोड बघा. पोलाद जोडाशी गंजतं. ॲल्युमिनियम तसं गंजत नाही, पण त्यात पोलादी बोल्ट बसला आणि हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ तिथे साचलं, की पांढरी भुकटी धरते आणि पत्रा आतून खाल्ला जातो.

वापरलेला ट्रक असेल तर

मध्यंतरी एक ट्रक तपासायला आला. नवी सीट, नवी गादी, डॅशबोर्ड आरशासारखा. आम्ही गादी उचलली तर खालचं प्लायवूड फुगलेलं. छतावरच्या छोट्या दिव्यांच्या रबरातून पाणी झिरपत होतं, भिंतीच्या आतून उतरत होतं, आणि वाटेत वायरिंगच्या जोडांवर हिरवा थर चढला होता. ग्राहकाने तो ट्रक घेतला नाही. तेव्हापासून आम्ही प्रत्येक ट्रकच्या छतावर दहा मिनिटं पाइपने पाणी सोडतो आणि मग आत हात फिरवून बघतो. तुम्हीही हे करू शकता.

केबिनखालचे रबर माउंट (टेकू), केबिन तोलणाऱ्या हवेच्या पिशव्या (एअर बॅग) आणि शॉक ॲब्झॉर्बर हेही बघा. रबराला चिरा पडल्या की केबिन डुलते, आणि दोष सीटला दिला जातो. दार हळू लावून पाहा. शेवटच्या चार बोटांवर ते उचलून लावावं लागत असेल तर बिजागरी गेली आहे.

इंजिन बंद ठेवून स्लीपर कशावर गार किंवा गरम होतो, हे विचारायला विसरू नका. कॅलिफोर्नियात ट्रक उभा असताना इंजिन ५ मिनिटांहून जास्त चालू ठेवायला साधारणपणे बंदी आहे. वेगळं छोटं इंजिन, बॅटरीवरचा एसी, डिझेल हीटर, यांतलं काय बसवलं आहे ते चालवून बघा. एसी निदान अर्धा तास चालू ठेवा. पाच मिनिटं कुठलीही बॅटरी टिकते.

तपासणीला येताना चालकाला सोबत आणा. आम्ही त्याला तासभर गाडी चालवायला लावतो आणि अर्धा तास स्लीपरमध्ये दार लावून आडवं व्हायला सांगतो. दुरुस्तीची जुनी कागदपत्रं असतील तर तीही आणा, आणि तुमचा माल, मार्ग, महिन्यातल्या घराबाहेरच्या रात्री एका कागदावर लिहून ठेवा.