पार्श्वभूमी : 158 विरुद्ध 136, तरीही हार

एप्रिल 2006 मध्ये इटलीतील मध्य-डाव्या आघाडीने कनिष्ठ सभागृह जिंकले ते जेमतेम 25 हजार मतांनी. डिसेंबर 2005 च्या निवडणूक कायद्यात पहिल्या आघाडीला बोनस जागा होत्या, म्हणून तिथे बहुमत भक्कम दिसले. सिनेटमध्ये, म्हणजे वरिष्ठ सभागृहात, तोच बोनस प्रदेशवार. एका प्रदेशातली आघाडी दुसऱ्यात कामाला येत नसे. 315 निवडून दिलेल्या जागांपैकी 158 हाती आल्या. शिवाय सात तहहयात सिनेटर, त्यांचा भरवसा कोण देणार?

17 मे रोजी शपथविधी झाला आणि दुसऱ्याच दिवशी अध्यादेश काढून मंत्रालये 18 केली. 1999 च्या सुधारणेने ती 12 ठरवली होती. बांधकामापासून वाहतूक तोडली, शाळांपासून विद्यापीठे. राज्यमंत्री धरून सरकार शंभरावर गेले. घटकपक्षांची सोय, दुसरे काय.

खरा घोळ घातला तो 'तटस्थ' या शब्दाने. 21 फेब्रुवारी 2007 रोजी परराष्ट्रमंत्र्यांच्या निवेदनावर, म्हणजे अफगाणिस्तानातील सैन्य आणि विचेन्झाचा अमेरिकी तळ यांसह साऱ्या धोरणावर मतदान झाले. बाजूने 158, विरोधात 136, तटस्थ 24. कनिष्ठ सभागृहात तटस्थ मोजणीतून वगळले जात, तिथे ठराव आरामात मंजूर झाला असता. सिनेटच्या नियमात मात्र तटस्थही मतदानात धरले जात: एकूण 318, मंजुरीला हवीत 160. म्हणजे तटस्थ राहणे हे विरोधच. ज्याला खरोखर अलिप्त राहायचे, त्याने मतदानच टाळायचे. आघाडीतल्या दोन कडव्या डाव्यांनी तेच केले आणि सगळे खापर त्यांच्यावर फुटले. पण ते दोघे बाजूने असते तरी 320 पैकी 160 होतात, हवीत 161. तटस्थांपैकी दोघे वळले असते तर भागले असते.

पंतप्रधानांनी त्याच संध्याकाळी राजीनामा दिला. तशी सक्ती नव्हती; एखादा ठराव फेटाळला गेला म्हणून सरकारने पायउतार व्हावेच असे नाही, हे राज्यघटनेच्या कलम 94 मध्ये स्पष्ट आहे. राष्ट्राध्यक्षांनी त्यांना संसदेकडे परत पाठवले आणि 28 फेब्रुवारीला 162 विरुद्ध 157 असा विश्वास मिळाला.

जानेवारी 2008 मध्ये कायदामंत्री बाहेर पडले, त्यांच्या छोट्या पक्षाने पाठिंबा काढला. 24 तारखेला सिनेटमधला विश्वासठराव 156 विरुद्ध 161 असा हरला. या वेळी तटस्थ एकच, त्याने काही फरक पडत नव्हता. तटस्थांना मतदानात धरण्याचा तो नियम सिनेटने बदलला डिसेंबर 2017 मध्ये.