फुप्फुसीय अभिसरण

हृदयाच्या उजव्या निलयातून (खालच्या कप्प्यातून) निघालेले रक्त फुप्फुसांतून फिरून डाव्या अलिंदात (वरच्या कप्प्यात) येते, त्या क्रियेस फुप्फुसीय अभिसरण म्हणतात. हा फेरा शरीरभरच्या अभिसरणापेक्षा आखूड असला, तरी दोन्हींमधून मिनिटाला वाहणारे रक्त जवळजवळ सारखेच, म्हणजे विश्रांत प्रौढात सु. 5 लिटर असते. येथे रोहिणीतून (हृदयापासून रक्त नेणाऱ्या वाहिनीतून) अशुद्ध व नीलांतून (हृदयाकडे रक्त आणणाऱ्या वाहिन्यांतून) शुद्ध रक्त वाहते.

या अभिसरणाचा शोध कोणाचा, याविषयी मतभेद आहेत. ग्रीक वैद्य गेलेन (इ. स. दुसरे शतक) यांच्या मते उजव्या निलयातील रक्ताचा काही अंश दोन निलयांमधील पडद्याच्या अदृश्य छिद्रांतून डावीकडे झिरपतो. हे मत स्पष्टपणे खोडून काढणारे पहिले ज्ञात लेखक अरब वैद्य इब्न अन्-नफीस (मृत्यू 1288) होत. वैद्य इब्न सीना यांच्या ग्रंथातील शारीरविषयक (शरीररचनेच्या) भागावरील त्यांचे भाष्य सर्वसाधारणपणे 1242 मधील मानले जाते. पडदा घन आहे, त्यात दृश्य वा अदृश्य वाट नाही. म्हणून रक्ताने फुप्फुसांत जाऊन, हवेशी मिसळून मगच डावीकडे आले पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद आहे. आपण शवविच्छेदन टाळले, असे ते स्वतः लिहितात. ते शब्दशः घ्यावे की नाही, याबद्दल एकमत नाही. मुहिउद्दीन अत्-ततावी यांनी 1924 मध्ये फ्रायबुर्ग येथील प्रबंधात या उताऱ्याकडे लक्ष वेधले, तोवर तो जवळजवळ विस्मृतीत होता.

यूरोपात स्पॅनिश धर्मशास्त्रज्ञ व वैद्य मायकेल सर्व्हेटस (1553) आणि इटालियन शारीरशास्त्रज्ञ रेआल्दो कोलोंबो (1559) यांनी हेच प्रतिपादन केले. फुप्फुस-रोहिणी केवळ फुप्फुसांच्या पोषणासाठी असती तर इतकी मोठी नसती, हा सर्व्हेटस यांचा मुद्दा. त्यांचा ग्रंथ धर्मशास्त्रीय होता. त्यांना जिनीव्हात जाळण्यात आले व ग्रंथाच्या मोजक्याच प्रती शिल्लक राहिल्या. कोलोंबो यांनी जिवंत प्राण्यांच्या विच्छेदनात फुप्फुस-नीलेत हवा नसून रक्तच असल्याचे दाखवले. या दोघांपर्यंत इब्न अन्-नफीस यांचे विचार आंद्रेआ आल्पागो यांच्या लॅटिन भाषांतरातून पोहोचले असावेत, असे काही अभ्यासक मानतात. पण त्या भाषांतराचा 1547 मध्ये व्हेनिस येथे छापला गेलेला भाग संमिश्र औषधांविषयीचा आहे. त्यामुळे शोध स्वतंत्रपणे लागले, हे मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र अग्रक्रमाचे श्रेय इब्न अन्-नफीस यांनाच दिले पाहिजे. भेलसंहिता या प्राचीन आयुर्वेदीय ग्रंथात हृदयातून निघालेला रस शिरांवाटे हृदयात परततो असे म्हटले आहे. फुप्फुसांतील वेगळ्या फेऱ्याचा उल्लेख त्या वचनात नाही.

विल्यम हार्वी यांनी 1628 मध्ये दोन्ही अभिसरणांची सांगड घातली, परंतु रोहिणी व नीला यांना जोडणारा दुवा त्यांना दिसला नव्हता. मार्चेल्लो मालपीगी यांनी 1661 मध्ये बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली केशवाहिन्या (अतिसूक्ष्म रक्तवाहिन्या) पाहिल्या आणि तो दुवा सापडला.

फुप्फुस-रोहिणीतील सरासरी दाब सु. 15 मिमी. पारा, तर महारोहिणीतील (डाव्या निलयातून शरीरभर रक्त नेणाऱ्या मुख्य रोहिणीतील) 90 च्या आसपास असतो. म्हणूनच उजव्या निलयाची भित्ती डाव्याहून पातळ असते. वायुकोशांभोवतालच्या (फुप्फुसांतील हवेच्या सूक्ष्म पिशव्यांभोवतालच्या) केशवाहिन्यांतून रक्त विश्रांतीत सु. 0.75 सेकंदात पुढे सरते व तेवढ्यात वायूंची देवघेव पुरी होते. ऑक्सिजन कमी पडला की शरीरातील इतर बहुतेक वाहिन्या रुंदावतात, येथील मात्र आकुंचन पावतात. त्यामुळे रक्त हवा चांगली खेळत असलेल्या भागाकडे वळते. हा परिणाम फॉन ऑयलर व लिलयेस्ट्रांड यांनी 1946 मध्ये वर्णिला. अतिउंचीवर मात्र तो सर्व फुप्फुसभर होऊन दाब वाढवतो.

गर्भाला ऑक्सिजन वारेतून मिळतो. त्यामुळे बहुतेक रक्त अलिंदांमधील छिद्रातून व फुप्फुस-रोहिणीला महारोहिणीशी जोडणाऱ्या वाहिनीतून फुप्फुसांना वगळून जाते. जन्मानंतर या वाटा बंद होतात. क्वचित उघड्या राहतात.

फुप्फुस-रोहिणीतील दाब प्रत्यक्ष मोजता येऊ लागला तो हृदयात नळी घालण्याच्या तंत्रामुळे. फोर्समान यांनी 1929 मध्ये ते स्वतःवरच करून पाहिले. कूर्नां व रिचर्ड्स यांनी ते विकसित केले. तिघांना 1956 चे नोबेल पारितोषिक मिळाले. विश्रांतीतील सरासरी दाब 25 मिमी. वा त्याहून अधिक असल्यास फुप्फुसीय उच्च रक्तदाब मानत. यूरोपीय मार्गदर्शिकेने 2022 मध्ये ही मर्यादा 20 च्या वर अशी केली.