वाटाण्याचे कोवळे शेंडे: एका ट्रेतून दोन कापण्या

मेथी किंवा मोहरी ट्रेमध्ये दाट पेरली आणि कोवळी असताना कापली की तो ट्रे संपला. वाटाणा मात्र कापल्यावर पुन्हा फुटतो. मेथीच्या बीजपत्रांची जोडी उगवताना मातीच्या वर येते आणि कापणीत तीही जाते. वाटाण्याच्या दोन्ही डाळिंब्या, म्हणजे त्याची बीजपत्रं, खालीच राहतात. अन्नाचा साठा जागेवर असतो आणि खोडाच्या बुडाशी असलेल्या पेरांवर डोळे, म्हणजे न फुटलेले कोंब, झोपलेले असतात. शेंडा गेला की ते जागे होतात. हरभऱ्याचे शेंडे खुडतात तेव्हाही हेच घडतं: घरात भाजी येते आणि शेतात झाडाला फांद्या फुटतात.

शेंड्यातलं ऑक्सिन हे संप्रेरक खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतं, एवढंच आपण शाळेत शिकलो. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वाटाण्यावरच्याच प्रयोगांत त्याच्या आधीची एक पायरी दिसली. वाढता शेंडा साखर स्वतःकडे ओढत असतो. तो छाटला की ती साखर डोळ्यांकडे वळते आणि खालच्या डोळ्यांजवळचं ऑक्सिन घटण्याआधीच ते फुगू लागतात.

बियाणं म्हणून किराणा दुकानातला अख्खा सुका वाटाणा चालतो, हिरवा किंवा पांढरा. डाळ उगवत नाही. फ्रोझन मटारही नाही, कारण तो गरम पाण्यातून काढलेला असतो. हिरवा वाटाणा भिजवल्यावर पाणी गडद हिरवं झालं तर त्याला रंग लावलेला आहे, तो टाकून द्या. बियाण्याच्या दुकानातले गुलाबी किंवा निळे दाणे बुरशीनाशक चोळलेले असतात, ते खाण्यासाठी वापरायचेच नाहीत. आणि बागेतल्या सुवासिक फुलांचा स्वीट पी हा वेगळा आणि विषारी वेल आहे. जुना साठा नीट उगवत नाही, म्हणून आधी २० दाणे ओल्या फडक्यात बांधून पाहा. १६-१७ दाण्यांना तरी मोड यायला हवेत. मोड न आलेले दाणे ट्रेमध्ये कुजतात आणि शेजारच्यांनाही कुजवतात.

२० × ३० सेंटिमीटरच्या, तळाला भोकं असलेल्या ट्रेला १२० ते १५० ग्रॅम सुका वाटाणा लागतो. तो ८ ते १२ तास भिजवा. दिवसभर पाण्यात विसरलात तर दाण्याला प्राणवायू मिळत नाही, आतली साखर पाण्यात झिरपते आणि तिच्यावर जिवाणू पोसतात. आंबूस वास येतो तो त्याचाच. ट्रेमध्ये ३ सेंटिमीटर धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) पसरा. मुठीत दाबल्यावर एक-दोन थेंब गळावेत इतकंच ओलं. त्यावर निथळलेले दाणे दाण्याला दाणा लागेल असे, पण एकाच थरात. वर दुसरा ट्रे आणि त्यात अर्धा ते एक किलो वजन. वजन नसेल तर मुळं खाली शिरण्याऐवजी दाण्यालाच वर उचलतात. दोन-तीन दिवसांनी कोंब वरचा ट्रे ढकलू लागले की वजन काढून खिडकीत ठेवा. सकाळचं ऊन चांगलं. यानंतर पाणी खालच्या ताटलीत घालायचं आणि अर्ध्या तासाने उरलेलं ओतून टाकायचं. खताची गरज नाही, शिदोरी दाण्यातच आहे.

मुळांभोवती पांढरी लव दिसली की बरेच जण बुरशी समजून ट्रे फेकतात. पाण्याचा फवारा मारून बघा: मूळरोम, म्हणजे मुळांचेच बारीक केस, असतील तर ते चिकटून दिसेनासे होतात. बुरशी कोळिष्टकासारखी एका दाण्यावरून दुसऱ्यावर पसरते आणि तिला कुबट वास येतो. त्या भागातले दाणे उचलून टाका, पाणी कमी करा, पंखा लावा. तरीही सडत असेल तर बहुधा उकाडा हेच कारण. वाटाणा रब्बीचा गडी, त्याला १५ ते २० अंश मानवतात. ३० च्या वर तो कुजतो. महाराष्ट्रात नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम. मे महिन्यात नागपुरात हा उद्योग करूच नये.

१० ते १४ दिवसांत रोपं १२-१५ सेंटिमीटर होतात. वेलीचे तंतू लांब होऊन गुंडाळायला लागण्याआधी कापा, नंतर खोड दोरीसारखं चिवट लागतं. खोड जवळून पाहिलं तर खालच्या दोन पेरांवर पान नसतं, नुसती खवल्याएवढी पाती असते. पहिलं खरं पान त्याच्या वरच्या पेरावर. कात्री या पानाच्या जरा वर लावा, म्हणजे पेरांवरचे डोळे शाबूत राहतात. कोकोपीटला टेकून कापलं तर दुसरी कापणी मिळेलच असं नाही. दोन आठवड्यांनी येणारी ही दुसरी खेप बारीक असते, कारण दाण्यातला साठा सरत आलेला असतो. तिसरीच्या नादी लागू नका.

दाणे आणि मुळं खायची नाहीत. दमट, उबदार जागेत जिवाणू तिथेच जास्त वाढतात. शेंडे वाहत्या पाण्यात धुऊन घ्या. बंगालात हिवाळ्यात हेच 'मोटर शाक' म्हणून विकतात, चिनी स्वयंपाकात ते लसणावर परततात. आपल्याकडे तेलात ठेचलेली लसूण तांबूस झाली की शेंडे टाकून मोठ्या आचेवर मिनिटभर हलवायचे आणि मीठ गॅस बंद केल्यावर घालायचं, आधी घातलं तर पाणी सुटतं.