पाटीवरचा मंगळवार

जुन्या एडिसन फोनोग्राफवर, म्हणजे मेणाच्या सिलिंडरवरून गाणं वाजवणाऱ्या मशीनवर, धातूची एक छोटी पाटी असते. वर कंपनीचं नाव, खाली तारखांची रांग आणि ठोकलेला अनुक्रमांक. बरेच जण रांगेतली पहिली तारीख वाचतात आणि मशीन त्याच सालचं ठरवून मोकळे होतात. तिथेच फसगत होते.

त्या तारखा मशीनच्या नाहीत, पेटंटच्या आहेत. अमेरिकन कायद्यानुसार पेटंट घेतलेल्या वस्तूवर ते मिळाल्याची तारीख द्यावी लागे. तारखेऐवजी पेटंटचा क्रमांक देण्याची पद्धत १९२७ पासूनची. म्हणून पाहायची ती रांगेतली शेवटची तारीख. मशीन तिच्या आधीचं नाही, एवढं तिच्यावरून नक्की कळतं. नंतर किती वर्षांनी बनलं, ते ती सांगत नाही.

घासून पुसट झालेला आकडा ३ की ८, हे कळत नसेल तर कॅलेंडर काढा. त्या काळी अमेरिकन पेटंट मंगळवारीच दिली जात. एडिसनचं फोनोग्राफचं मूळ पेटंट १९ फेब्रुवारी १८७८ चं, आणि तो मंगळवारच होता. तुम्ही वाचलेल्या तारखेला शुक्रवार येत असेल, तर भिंग घेऊन परत बघा. मला ही युक्ती फार आवडते.

कंपनीचं नावही वर्षं आवळून देतं. ‘नॅशनल फोनोग्राफ कंपनी’ १८९६ ते १९११. पुढे ‘थॉमस ए. एडिसन, इनकॉर्पोरेटेड’. तबकडीच्या ग्रामोफोनवर ‘ग्रामोफोन अँड टाइपरायटर’ असेल तर काळ १९०० अखेर ते १९०७. कंपनीने टाइपरायटरही विकून पाहिले, त्या धंद्याची तेवढीच खूण उरली. व्हिक्टर या अमेरिकन ग्रामोफोन कंपनीच्या मशीनवर तर एक अजब नोटीस सापडते: पेटंटची मुदत संपेपर्यंत मालकी कंपनीचीच, तुम्हाला फक्त वापरायची परवानगी! किमती हातात ठेवण्याची ही चाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९१७ मध्ये मोडून काढली.

आता पाटी सोडून आत डोकवा. सुरुवातीच्या मेणाच्या सिलिंडरवर इंचाला १०० रेषा असत आणि गाणं दोन मिनिटांत संपे. १९०८ साली इंचाला २०० रेषांचं, चार मिनिटांचं सिलिंडर आलं. त्यासाठीचे गिअर जुन्या मशीनना बसवून मिळत. त्यामुळे पाटी १९०८ पूर्वीची आणि गिअर चार मिनिटांचे, असं दिसलं की लगेच ‘बनावट’ म्हणू नका. मालकाने हौसेने खर्च केला असेल.

मुंबईच्या चोरबाजारात मात्र सावध राहा. चकचकीत पितळी कर्णा आणि कुत्र्याचं चित्र असलेले ‘जुने’ ग्रामोफोन बरेचदा अलीकडेच जुळवलेले असतात. अस्सल पाटीवरून नक्कल उतरवली असेल तर मंगळवारही बरोबर जुळतील. अशा वेळी पाटीच्या कडेला बोट फिरवा. बुजवलेली जुनी भोकं लागली, तर ती पाटी तिथली नव्हे.