पुस्तक सर्वांसाठी खुलं करा, मालकी तुमचीच राहील: पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

जुनं मराठी पुस्तक उघडलं की सुरुवातीच्या पानावर बारीक अक्षरात एक ओळ दिसते: ‘सर्व हक्क लेखकाच्या पत्नीच्या स्वाधीन’. वडिलांचं किंवा आजोबांचं पुस्तक विकिस्रोतावर, म्हणजे विकिपीडियाच्या भावंडासारख्या मोफत ऑनलाइन ग्रंथालयात, ठेवायचं म्हणून कुणी मदत मागितली, की मी आधी ही ओळ शोधायला सांगतो. परवाना फक्त हक्काचा मालकच देऊ शकतो, आणि तो कोण हे बरेचदा घरातल्यांनाही नक्की ठाऊक नसतं.

आधी एक भीती दूर करतो. खुला परवाना, म्हणजे कुणालाही पुस्तक वापरायची लेखी मुभा, दिला म्हणून हक्क हातचे जात नाहीत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात तीन वेगळ्या वाटा आहेत. कलम १८ नुसार हक्क दुसऱ्याच्या नावे करून देता येतात. कलम २१ नुसार ते सोडून देता येतात. आणि कलम ३० नुसार मालकी स्वतःकडे ठेवून वापराचा परवाना देता येतो. आपल्याला हवी ती ही तिसरी वाट. पुस्तकाची नवी आवृत्ती काढणं, ती विकणं, प्रकाशकाशी करार करणं, सगळं पुढेही तुमच्याच हातात राहतं.

पण हा परवाना साध्या चिठ्ठीवर देऊ नका. ‘माझं पुस्तक कुणीही वापरावं, माझी हरकत नाही’ असं प्रेमाने लिहिलेलं पत्र कायद्यापुढे तोकडं पडतं. कलम १९ मधल्या अटी कलम ३०अ मुळे परवान्यालाही लागू होतात. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर परवाना भारतापुरताच मानला जातो. म्हणजे कायमचं दिलं असं तुम्ही समजत असता आणि कागदावर ते पाच वर्षांत संपलेलं असतं. म्हणून क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेचा तयार परवाना घ्यावा. कॉपीराइटची पूर्ण मुदत, सगळं जग आणि परत न घेण्याची अट हे त्यात आधीच लिहिलेलं असतं.

या परवान्याचे सहा प्रकार आहेत. ‘व्यापारी वापर नको’ किंवा ‘बदल नको’ अशा अटीचे प्रकार विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिस्रोतावरच्या पुस्तकांचे स्कॅन जिथे ठेवले जातात त्या साठ्यावर, चालत नाहीत. पुस्तकासाठी यातला सीसी बाय-एसए ४.० हा प्रकार घ्यावा, असं माझं मत आहे. यात वापरणाऱ्याला लेखकाचं नाव द्यावंच लागतं आणि बदल करून प्रसिद्ध केलेली कृतीही त्याच परवान्याखाली खुली ठेवावी लागते. गोवा विद्यापीठाने २०१३ मध्ये कोंकणी विश्वकोश याच जातीच्या परवान्याखाली खुला केला.

आता परवाना कोण देऊ शकतो ते पाहू. स्वतः लेखक, किंवा लेखक हयात नसल्यास वारस. मृत्युपत्रात हक्क एकाला दिले असतील तर तो एकटा पुरतो, नाहीतर सगळ्या वारसांची संमती हवी. परदेशातल्या भावाची राहिली, तर पुढे वाद तिथूनच सुरू होतो. लेखक दोन असतील तर दोघांची संमती लागते. पुस्तक अनुवादित असेल तर मूळ लेखकाकडचीही परवानगी लागते. प्रस्तावना, मुखपृष्ठ आणि आतली चित्रं यांचे हक्क वेगळ्या माणसांचे असू शकतात. त्यांचा माग लागला नाही तर ती पानं गाळून स्कॅन करावं.

प्रकाशकाबरोबरचा करार मात्र ओळ न् ओळ वाचा. हक्क कायमचे प्रकाशकाला दिले असतील तर तुमच्याकडे देण्यासारखं काही उरलेलं नसतं. १० मे १९९५ नंतरच्या करारात मुदतच नसेल, तर ती पाच वर्षांची धरली जाते आणि हक्क परत आलेले असू शकतात. त्याआधीच्या करारांना हा नियम लागू नाही.

हाताशी ठेवायचे कागद थोडेच आहेत: हक्कांची ओळ असलेल्या पानाची प्रत, प्रकाशकाचा करार किंवा ना-हरकत पत्र, लेखकाचा मृत्यूचा दाखला, मृत्युपत्र किंवा वारस असल्याचा पुरावा, आणि इतर वारसांची सह्यांची संमती. कॉपीराइट कार्यालयातली नोंदणी सक्तीची नाही, त्यामुळे तिच्यासाठी अडून बसू नका. हयातीत छापलेल्या पुस्तकाच्या लेखकाचं निधन होऊन ६० वर्षं उलटली असतील, तर भारतात यातलं काहीच लागत नाही. १९६० मध्ये वारलेल्या लेखकाची अशी पुस्तकं १ जानेवारी २०२१ पासून भारतात मुक्त आहेत.

पुढचं काम घरबसल्या होतं. कॉमन्सवर खातं काढून पुस्तकाचा स्कॅन चढवा आणि परवानगी येत असल्याची खूण त्या फाइलवर लावा. मग कॉमन्सवर तयार असलेला परवानगीचा मजकूर भरून ई-मेलने पाठवा. मी हक्काचा मालक आहे, व्यापारी वापर आणि बदल यांना माझी संमती आहे, हक्क माझ्याकडेच राहतात, आणि ही परवानगी मला मागे घेता येणार नाही, असं त्यात लिहिलेलं असतं. शेवटचं वाक्य घरातल्या सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवा आणि मगच पाठवा.

हा ई-मेल स्वयंसेवकांचं पथक तपासतं. शंका आली तर ते पुरावा मागतात, तेव्हा वरचे कागद कामी येतात. परवानगी पोहोचलीच नाही तर फाइल काढून टाकली जाते. सगळं जुळलं की फाइलवर तिकीट क्रमांक, म्हणजे तुमच्या परवानगीच्या ई-मेलचा नोंद क्रमांक, लिहिला जातो. तो क्रमांक घरातल्या प्रतीत, हक्कांच्या त्या ओळीखालीच, पेनाने लिहून ठेवा.