डिझेल हीटर, स्टोची वाटी आणि दीड व्होल्ट

"हीटर पेटत नसेल तर टाकीत थोडं पेट्रोल मिसळा, लगेच पेट घेतो." कॅम्परव्हॅन, म्हणजे आत राहता-झोपता येईल अशी गाडी, घेऊन हिवाळ्यात फिरणाऱ्यांमध्ये हा सल्ला फिरताना पाहिला आणि लिहायला बसले. हीटर म्हणजे डिझेल जाळून गाडीच्या आतली हवा गरम करणारा. युरोपात विकलं जाणारं डिझेल ५५ अंशांच्या खाली ज्योत दाखवली तरी पेट घेण्याइतकी वाफ देत नाही. पेट्रोल उणे ४० अंशांनाही देतं. ज्या गाडीत आपण झोपतो, तिथे हा प्रयोग कृपा करून करू नका. शिवाय माझा अनुभव असा की, न पेटणाऱ्या हीटरमध्ये बहुतेकदा दोष इंधनात नसतोच.

जानेवारीत आम्ही स्कॉटलंडमध्ये एव्हिमोरजवळ मुक्कामाला होतो. बाहेर उणे सात. हीटरचं बटण दाबलं, पंखा फिरला, पंपाची टकटक सुरू झाली, धुराच्या पाइपातून पांढरा धूर आला आणि दोन-तीन मिनिटांत सगळं बंद. पुन्हा तेच. पुण्याहून धाकट्या भावाने फोनवर निदान केलं, "ताई, ग्लो प्लग गेलाय, सरळ बदलून टाक." ग्लो प्लग म्हणजे हीटर पेटवणारी कांडी. नवा बसवला. पुन्हा पांढरा धूर.

या धुरातच उत्तर होतं. तो धूर म्हणजे न जळलेल्या डिझेलची वाफ आणि बारीक थेंब. म्हणजे डिझेल येत होतं, थोडं तापतही होतं, पण ज्योत धरत नव्हती.

घरी पंपाचा स्टो पेटवलेला आठवतो? बर्नरखालच्या वाटीत थोडं रॉकेल किंवा स्पिरिट पेटवून आधी बर्नर तापवायचा आणि मगच पंप मारायचा. घाई केली तर पिवळा भडका आणि काजळी. कारण द्रव रॉकेल जळत नाही, जळते ती त्याची वाफ. समईतही जळते ती वातीच्या टोकाशी तापलेल्या तेलाची वाफच. डिझेल तर रॉकेलहून जड. त्यातले घटक साधारण १८० ते ३६० अंशांदरम्यान उकळतात. गाडीच्या इंजिनात हवा जोरात दाबली जाते, त्या दाबानेच ती तापते आणि डिझेल पेटतं. हीटरच्या कोठीत असा दाब नाही. तिथे एक विजेवर तापणारी कांडी असते, तोच ग्लो प्लग, आणि त्याभोवती धातूची बारीक जाळी. पंप डिझेलचे मोजके थेंब सोडतो, ते जाळीत मुरतात, कांडीच्या उष्णतेने त्यांची वाफ होते आणि ती वाफ पेटते. एकदा ज्योत धरली की तिचीच उष्णता पुढच्या थेंबांना पुरते आणि कांडी बंद होते. जाळी म्हणजे वात आणि ग्लो प्लग म्हणजे स्टोची वाटी. सगळा खेळ या पहिल्या दोन-तीन मिनिटांचा.

ही कांडी साधारण १० अँपिअर खेचते. घरातल्या २३० व्होल्टच्या हिशोबाने हा आकडा किरकोळ वाटतो, पण १२ व्होल्टच्या जगात तो फार मोठा आहे. आमच्या गाडीत बॅटरीपासून हीटरपर्यंत पाच मीटर वायर होती, जाऊन-येऊन दहा, जाडी दीड चौरस मिलिमीटर. तांब्याचा हिशोब केला तर रोध ०.११ ओहम. गुणिले १० अँपिअर, म्हणजे १.१ व्होल्ट वायरीतच संपले.

मी हीटर बंद असताना त्याला वायर जोडतात त्या जोडावर मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचा मीटर) लावला होता, तेव्हा आकडा बॅटरीइतकाच दिसला आणि मी निर्धास्त झाले. इथेच बहुतेक जण फसतात. प्रवाह नसेल तर घटही नसते. सोसायटीची टाकी भरलेली असते, पण सकाळी सगळ्यांचे नळ सुटले की चौथ्या मजल्यावर धार बारीक होते, तसंच हे. मोजायचं ते कांडी तापत असताना. त्या क्षणी बॅटरीवर १२.२ आणि हीटरवर १०.६ व्होल्ट होते. मग मीटरची एक पिन वायरीतल्या फ्यूज होल्डरच्या या टोकाला, दुसरी त्या टोकाला लावली: ०.५ व्होल्ट. शून्याच्या जवळ हवे होते. होल्डर उघडला तर आत हिरवा गंज.

एवढ्या सुमारे दीड व्होल्टने काय बिघडतं? शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. कांडीचा रोध तोच धरला, तर १०.६ भागिले १२.२ म्हणजे ०.८७ आणि त्याचा वर्ग ०.७५. कांडीची पाव उष्णता गेली, तीही नेमकी उणे सातच्या डिझेलची वाफ करायची असताना. कंट्रोलर उष्णता वाढण्याची वाट पाहतो, ती वाढली नाही की डिझेल तोडतो. व्होल्टेज आणखी थोडं पडलं असतं, तर साडेदहा व्होल्टच्या आसपास हीटर तसाही बंदच पडला असता. नवा होल्डर आणि सहा चौरस मिलिमीटरची वायर टाकली, घट ०.३ व्होल्टवर आली. हीटर पहिल्याच प्रयत्नात पेटला.

तासाभराने मात्र विझला. कारण साधं होतं: पंप आडवा बसवलेला. तो तिरका, बाहेर जाणारं तोंड वर करून बसवायचा, म्हणजे हवेचे बुडबुडे आत न साचता पुढे निघून जातात. नळीही बारीक छिद्राचीच हवी. जाड नळीत बुडबुडे साठून एकदम येतात आणि ज्योतीचा घास तुटतो.

विकत घेताना '८ किलोवॉट' या स्टिकरला भुलू नका. स्वस्त हीटरांतला पंप दर टोल्याला सुमारे ०.०२२ मिलिलिटर डिझेल टाकतो, सेकंदाला फार तर पाच-साडेपाच टोले. तासाला जेमतेम ०.४ लिटर. एका लिटरात सुमारे १० किलोवॉट-तास ऊर्जा असते, म्हणजे एकूण चार किलोवॉट, त्यातलाही काही भाग धुराबरोबर बाहेर जातो. आठ येणार कुठून?

आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. या वायूला रंग नाही, वास नाही. हीटरचा धूर आणि गाडीत येणारी गरम हवा यांचे मार्ग वेगळे असतात, पण पाइपाचा एक सैल जोडही घात करू शकतो.

भाऊ आता असाच हीटर लावून गाडी लेहला न्यायचं म्हणतोय. एक लिटर डिझेल नीट जळायला समुद्रसपाटीवर सुमारे दहा घनमीटर हवा लागते. साडेतीन हजार मीटरवर तेवढ्याच घनमीटर हवेत ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या सत्तर टक्केच. साध्या पंपाला हे कळत नाही, तो तितकेच थेंब टाकत राहतो आणि जाळी काजळीने भरते. म्हणून त्याला सांगितलंय: पंपाचे टोले कमी करण्याची सोय असलेलाच हीटर घे, सतत मंद चालवू नकोस, रोज बंद करण्याआधी वीस मिनिटं पूर्ण जोरात चालव, आणि निघण्याआधी कांडी तापत असताना व्होल्टेज मोजून मला आकडा कळव.